बोकडाची कवटी उकळली, ब्लीच केली, आता पिवळी पडून वास मारतेय. वाचेल का?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत परत लिहितो, म्हणजे माझं काही चुकत असेल तर सांगा. गावच्या जत्रेतल्या बोकडाचं मुंडकं शिंगांसकट मागून घेतलं, मोठ्या पातेल्यात दोन-अडीच तास खळखळ उकळलं, मांस सोललं, मग पांढरंशुभ्र व्हावं म्हणून ब्लीचिंग पावडरच्या पाण्यात रात्रभर बुडवलं. चार दिवस झकास दिसली. आता तीन आठवड्यांनी कपाळावर आणि जबड्याच्या मागच्या बाजूला पिवळे तेलकट डाग आलेत, जवळ गेलं की वास येतो, शिंगं हलतात, खालच्या जबड्याचे दोन तुकडे झालेत, नाकावरची हाडं सुटलीत आणि वरचे पुढचे दात कुठे पडले ते कळत नाहीये. हॉलमध्ये सागाच्या फळीवर लावायचीय आणि घरच्यांनी रविवारपर्यंतची मुदत दिलीय. फोटो पाठवलाय आणि विचारलंय, अजून पांढरी कशी करू?

रविवारपर्यंत होणार नाही हो. दोन-तीन महिने धरा. पण वाचेल, ब्लीचने किती खाल्लंय त्यावर थोडं अवलंबून आहे, त्याचं खाली सांगतो.

आधी दातांचं, कारण तुम्ही उगाच पातेलं आणि गटार शोधत बसाल. वरचे पुढचे दात हरवलेले नाहीत, ते नव्हतेच. शेळी, मेंढी, गाय, म्हैस, कुणालाच वरच्या जबड्यात पुढे दात नसतात, तिथे नुसती कडक हिरडीची गादी असते आणि खालचे आठ दात त्या गादीवर दाबून पाला तोडतात. मी कामाला लागलो तेव्हा मीसुद्धा पहिल्या शेळीचे दात अर्धा दिवस गाळणीत शोधले होते, आमचे सर दारात उभे राहून बघत होते आणि बोलले काहीच नाहीत. तसंच खालच्या जबड्याचं. रवंथ करणाऱ्या जनावरांत तो जबडा हनुवटीपाशी हाडाने पक्का जुळलेला नसतो, मधे चिवट ऊतक असतं, ते शिजलं की दोन फाका होणारच. तुम्ही मोडलेला नाहीये. नाकावरची हाडंही तशीच, त्यात तुमचा बोकड वयाने लहान दिसतोय, लहान जनावराच्या कवटीचे सांधे उघडेच असतात. तर हे तिन्ही प्रॉब्लेम प्रॉब्लेमच नाहीत, शेवटी चिकटवायचं आणि झालं.

खरी अडचण एकच आहे आणि ती तुम्ही विचारलेलीच नाही. तुम्ही विचारलंय "अजून पांढरी कशी करू", आणि जे पिवळं दिसतंय ते तेल आहे. हाडाच्या आतली चरबी. बावीस वर्षं मी कॉलेजच्या अ‍ॅनाटॉमी म्युझियमसाठी हाडं तयार करतोय, शेळी, म्हैस, डुक्कर, घोडा, कुत्रा, जे येईल ते, आणि माझा हिशोब असा की या कामात मांस काढणं हा दोन आण्यांचा भाग, पांढरं करणं एक आण्याचा, उरलेले तेरा आणे तेल काढण्यात जातात. लोक नेमकं तेच गाळतात. कारण ओलं असताना तेल दिसत नाही. कवटी ब्लीचमधून काढली की एकसारखी पांढरी दिसते, मग हळूहळू पाणी उडतं, आतली चरबी पृष्ठभागावर येते, धूळ धरते, खवट होते. तुमच्याकडे जे चार दिवस झकास दिसलं ते एवढंच होतं.

आता खळखळ उकळल्याने काय होतं. रस्सा कसा होतो ते आठवा, पायांचं सूप गार झालं की थिजतं ना, ते थिजणारं म्हणजे हाडा-कातड्यातलं कोलॅजन, शिजून त्याचं जिलेटिन झालेलं. साधारण एक तृतीयांश हाड हे असलं सेंद्रिय असतं, बाकी खनिज. तुम्ही जितकं जोरात आणि जितका वेळ उकळाल तितकं हाडाचं बळ पाण्यात जातं, आणि वितळलेली चरबी हाडाच्या बारीक भोकांत आणखी आत मुरते. शिवाय दात गरम-गार झाले की तडकतात, नाकाच्या आत कागदासारखी गुंडाळलेली पातळ हाडं असतात ती उकळीच्या हिसक्याने चुरा होऊन बाहेर येतात. प्रेशर कुकर तर नकोच नको, एकाने कुकरमधून काढलेलं मेंढीचं डोकं आणून दाखवलं होतं, चमच्याने खाता आलं असतं.

आणि ब्लीच. ब्लीचिंग पावडर काय किंवा बाटलीतलं लिक्विड ब्लीच काय, दोन्हीत हायपोक्लोराइट, ते नेमकं त्या कोलॅजनलाच खातं. वरून पांढरं दिसतं कारण वर खडू उरलाय. आमच्याकडे माझ्या आधीच्या माणसाने ब्लीच केलेली एक घोड्याची कवटी आहे, काचेच्या पेटीत, दर वर्षी झाडायला उघडली की तळाशी पिठासारखा थर असतो. हात लावायची सोय नाही. म्हणून पुढच्या वेळी ब्लीच अजिबात नको, अर्धा तासही नको.

तर आता या कवटीचं काय करायचं. पहिलं, साध्या पाण्यात बुडवा, रोज पाणी बदला, ब्लीचचा वास पूर्ण जाईपर्यंत, चार-पाच दिवस लागतील. हे होईपर्यंत त्यात दुसरं काहीच टाकायचं नाही. व्हिनेगर, लिंबू, टॉयलेट क्लीनर, अमोनिया, काहीच नाही. ब्लीच आणि अ‍ॅसिड एकत्र आलं की क्लोरीन वायू सुटतो, अमोनियाबरोबरही विषारीच वायू, आणि बंद बाथरूममध्ये हे प्रयोग करणारे लोक आहेत म्हणून ठासून सांगतोय. तसंही अ‍ॅसिड हाडाचं खनिज विरघळवतं, म्हणजे ब्लीचने कोलॅजन नेलं आणि लिंबाने उरलेलं, शिल्लक काय राहणार? बरेच जण टॉयलेट क्लीनरने "चकाचक" करतात, त्यांची कवटी खरंच चकाचक होते, थोडी लहानही होते.

ब्लीच निघून गेल्यावर वाळवून कपाळावर नखाने हलकं खरवडून बघा. नखाला पीठ लागलं तर वरचा थर गेलाय, तो परत येत नाही, पण शेवटी त्याला पक्कं करता येतं. नख नुसतं घसरलं तर तुम्ही नशीबवान.

दुसरं, वास. वास खवट तेलाचा थोडा आणि आत राहिलेल्या मांसाचा जास्त. मानेकडून जे मोठं भोक आहे त्यातून मोबाईलचा टॉर्च मारा, मेंदूवरची जाड पापुद्र्यासारखी झिल्ली अजून कवटीला आतून चिकटलेली दिसेल, माझी पैज. नाकात तेच. आणि सगळ्यात लबाड जागा म्हणजे शिंग. शिंग म्हणजे दोन गोष्टी असतात, वरची खोळ, ती आपल्या नखासारखी, आणि आत कवटीतूनच निघालेला हाडाचा गाभा. त्या दोघांच्या मधे मांसाचा पातळ थर असतो. शिवाय शेळीत कपाळातली पोकळी त्या गाभ्यात वरपर्यंत जाते. म्हणजे तुम्ही उकळलेलं सगळं सूप तिथे वर जाऊन बसलंय आणि खोळीने झाकण लावलंय. त्यात खच्ची न केलेल्या बोकडाच्या शिंगांच्या मुळाशी दर्पाच्या ग्रंथी असतात, तिथलं कातडं जरासं राहिलं तरी घर भरून बोकड.

शिंगं हलतायत हे चांगलं लक्षण आहे. खोळीवर आतून डावं-उजवं लिहायची सोय नसते म्हणून बाहेरून चिकटपट्टी लावून खूण करा, कवटी कुणाला तरी धरायला सांगा, शिंग बुडाशी घट्ट पकडून पिळत ओढा. बाटलीच्या बुचासारखा "पक्" आवाज येऊन निघतं. आणि त्यानंतर जो वास येतो तो मी शब्दांत सांगत नाही, गच्चीवर करा. निघालं नाही तर जबरदस्ती नको, शिंगाच्या बुडापर्यंत पाण्यात उलटं आठवडाभर ठेवा, आपोआप सुटतं. खोळ आतून जुन्या टूथब्रशने आणि साबणाने घासा, सावलीत वाळवा, कडक उन्हात ती आकसते आणि चिरते, मग गाभ्यावर परत बसत नाही. थोडी वाळली की सैलसर गाभ्यावर घालून ठेवलेली बरी. उरलेलं आत तसंच ठेवलं तर कसर लागते, सुक्या बोंबलाच्या गोणीत केसाळ अळ्या होतात ना, त्याच जातीच्या.

आता कवटी आणि जबडे, खोळी सोडून, साध्या पाण्यात सडायला ठेवा. हो, सडायलाच. याला आम्ही मॅसरेशन म्हणतो, पाण्यातले जंतू मांस खातात, हाडाला काही करत नाहीत. शिजलेलं मांस कच्च्यापेक्षा सावकाश सडतं, पण सडतं. झाकणाची प्लास्टिकची बादली घ्या, गडद रंगाची, पारदर्शक डब्यात ऊन लागून शेवाळ धरतं आणि हिरवे डाग मग महिनोन्‌महिने निघत नाहीत. लोखंडाचं काहीच नको, ना पिंप ना तार ना खिळा. माझी एक म्हशीची कवटी गंजक्या पिंपात ठेवून अशी भगवी झाली की मुलं अजून तिला नावाने ओळखतात. बादली उन्हात ठेवा, ३०-३५ डिग्रीला जंतू खूष असतात. विदर्भात मे महिन्यात दोन-तीन आठवड्यांत काम होतं, पुण्यात डिसेंबरमध्ये दोन महिनेही लागू शकतात, किंवा मग अ‍ॅक्वेरियमचा हीटर टाका. पाणी बदलायचं तर सगळं ओतू नका, एक तृतीयांश जुनं ठेवा, नाहीतर नळाच्या क्लोरीनच्या पाण्याने जंतू मरतात आणि परत पहिल्यापासून. ओतताना गाळणीतून ओता, खालचे पुढचे दात सुटलेले असतील, एकदा मातीत गेले की गेले. पाणी झाडाच्या बुंध्याशी खड्डा करून ओता, सोसायटीच्या ड्रेनेजमध्ये नको, चेअरमन वर येतो. हातमोजे घाला, हाताला कापलेलं असेल तर त्या दिवशी राहू द्या.

मेंदूची झिल्ली आठवड्याभरात सुटते, मोठ्या सिरिंजने पाण्याचा फवारा मारा, चिमट्याने टोक पकडून हळू ओढा. दाभण, स्क्रूड्रायव्हर आत घालून खरवडू नका, आतली हाडं पातळ आहेत.

मग ते तेरा आणे. भांडी घासायचं लिक्विड, साधं, बादलीला दोन-तीन चमचे, कोमट पाण्यात, ४० डिग्रीच्या आसपास. जास्त गरम केलं म्हणजे लवकर होईल असं वाटतं, ते परत शिजवणंच झालं. दोन-तीन दिवसांत पाणी गढूळ पिवळं होईल, वर तवंग येईल, ओता, नवं भरा. पाणी स्वच्छ राहायला लागलं की काढून चार-पाच दिवस पूर्ण वाळवा आणि मग बघा. डाग दिसला की परत बादलीत. मी वाळलेली कवटी टिश्यू पेपरवर ठेवून दुपारभर उन्हात सोडतो, कागदावर पारदर्शक ठिपका उमटला तर अजून तेल आहे. बोकडाला तीन-चार आठवडे पुरतात, तुमचं उकळल्याने आत मुरलंय म्हणून सहा धरा. डुक्कर असतं तर मी सहा महिने सांगितले असते आणि तरी शब्द दिला नसता.

पेट्रोलमध्ये बुडवा, लवकर होतं, असा सल्ला तुम्हाला कोणीतरी देईलच. होतं लवकर, पण घरात उघडं पेट्रोल ठेवायचं कुणी? अ‍ॅसिटोन चांगला आहे, पण तोही तितकाच पेटतो. आमच्याकडे त्यासाठी वेगळी खोली आहे, तुमच्याकडे स्वयंपाकघर आहे. साबणच बरा.

हे सगळं झाल्यावर पांढरं करायचं, आणि त्यासाठी हायड्रोजन पेरॉक्साइड. केमिस्टकडे "२० व्हॉल्यूम" म्हणून मिळतं, ते ६ टक्के असतं, तेवढंच पाणी घाला म्हणजे ३ टक्के झालं, पुरे. प्लास्टिकच्या डब्यात कवटी बुडेल इतकं. झाकण घट्ट लावू नका, त्यातून ऑक्सिजन सुटत राहतो, मी तरुणपणी एक बरणी घट्ट बंद करून जेवायला गेलो होतो, आलो तेव्हा बरणी भिंतीवर होती. गरम करायचं नाही, व्हिनेगर घालायचं नाही. शिंगाच्या खोळी यात जाऊ द्यायच्या नाहीत, त्यांचा काळा रंग उडून पांढरट पट्टे पडतात, म्हणून तर आधी काढायला लावल्या. एक दिवस बास, फार तर दोन. हाडाचा रंग मुळात सायीसारखा असतो, टाइल्ससारखा पांढरा करण्याच्या नादी लागू नका, माझ्या डोळ्याला तो रंग खोटाच वाटतो. नंतर साध्या पाण्यात दिवसभर, मग सावलीत पंख्याखाली. पावसाळ्यात वाळवायची वेळ आली तर थांबा किंवा पंखा चोवीस तास चालू ठेवा, कोकणात जुलैमध्ये वाळत ठेवलेल्या हाडावर चार दिवसांत काळी बुरशी येते.

नखाला पीठ लागत असेल तर आता त्याला पक्कं करायचं. म्युझियमवाले पॅरालॉइड बी-७२ नावाचं पारदर्शक अ‍ॅक्रिलिक रेझिन अ‍ॅसिटोनमध्ये विरघळवून लावतात, ते मिळालं तर उत्तमच, पण खिडकी उघडी ठेवून आणि गॅसपासून लांब. घरी फेव्हिकॉलमध्ये चांगलं भरपूर पाणी घालून दुधासारखं पातळ करा आणि ब्रशने दोन हात द्या. व्हार्निश लावू नका, सुरुवातीला ओल्यासारखं चमकतं आणि मग पिवळं पडतं, म्हणजे तीन महिने घासून परत जिथे होतो तिथे. जबड्याच्या फाका, नाकाची हाडं, दात, सगळं फेव्हिकॉलनेच. फेविक्विक पटकन धरतं पण वाकडं बसलं तर सुटत नाही, फेव्हिकॉल पाण्यात भिजवून सोडवता येतो. दात कुठला कुठे हे बघायला घाई करू नका, प्रत्येक दात एकाच भोकात नीट बसतो, कुलूप-किल्लीसारखा, जोर लावावा लागला तर भोक चुकलंय.

फळीवर लावताना कपाळातून स्क्रू मारू नका (लोक मारतात). मागच्या भोकातून पितळेची किंवा तांब्याची तार घेऊन फळीच्या मागे पिळा. उन्हाच्या भिंतीवर आणि गॅसच्या जवळ नको.

पुढच्या वेळी करणार असाल तर काम खाटकाकडेच सुरू होतं. त्याला आधी सांगून ठेवा, मुंडी भाजू नको, भेजा काढायला फोडू नको, शिंगं तोडू नको, आणि मान थोडी जास्त ठेव. आपल्याकडे मुंडी घ्यायला गेलं की तो न विचारता गॅसचा टॉर्च मारून केस जाळतो आणि सुऱ्याने दोन फाका करून पिशवीत देतो, त्याच्या दृष्टीने गिऱ्हाइकाची सोयच. जळलेल्या हाडाचा काळा डाग पेरॉक्साइडने जात नाही. मग घरी कातडं, डोळे, जीभ, गालांचं मांस कच्चंच सुरीने काढायचं आणि थेट बादलीत, गॅस पेटवायचाच नाही.

आणि एक, हे सगळं मी बोकड आहे म्हणून लिहिलं. रानात फिरताना भेकराची, कोल्ह्याची, माकडाची कवटी पडलेली दिसली तर फोटो काढा आणि पुढे चला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात "मी मारलं नाही, सापडलं" हे उत्तर चालत नाही, वनखात्याला कळवायचं. जुन्या वाड्यांत भिंतीवर सांबराची शिंगं असतात त्यांनाही मालकीचा दाखला लागतो, तो नसलेली एखादी जोडी कुणी "तुम्ही यातलेच ना, घ्या" म्हणून देऊ केली तर घेऊ नका. गावातलं जनावर एकाएकी मेलं असेल, नाकातोंडातून रक्त आलं असेल, तर त्याला हातही लावू नका, काळपुळी असू शकते, पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. पिसाळलेल्या कुत्र्याचं डोकं तर विषयच नाही.

तुमच्या फोटोत खालच्या जबड्यात पुढचे मधले दोन दात रुंद आणि बाजूचे बारीक दिसतायत. म्हणजे दोन दाती, सव्वा वर्षाच्या आसपासचा. त्यामुळे दाढांच्या ओळीच्या अगदी शेवटी तुम्हाला हाडात एक खड्डा दिसेल आणि आत काहीतरी पांढरं अडकलेलं असेल. ती किडलेली जागा नाहीये, उकरू नका, ती शेवटची दाढ आहे, वर यायच्या वाटेवर होती. फळीच्या मागे पेन्सिलने जत्रेची तारीख, गावाचं नाव आणि "बोकड, दोन दाती" एवढं लिहून ठेवा.